सुईणीची वही वाचणारी इतिहासकार

आज एका प्राध्यापक बाईंची ओळख करून द्यायची आहे. नाव आहे लॉरेल थॅचर उल्रिक. अमेरिकेतल्या फार मान्यवर इतिहासकारांपैकी त्या एक. पण त्यांचं नाव झालं ते राजा, लढाई किंवा तह यांच्यावर लिहून नव्हे. नाव झालं एका सुईणीच्या वहीमुळे. ती वही त्यांच्या आधीही काही जणांनी वाचली होती आणि तीत काही विशेष नाही म्हणून बाजूला ठेवली होती. उल्रिकबाईंनी त्याच वहीवर जवळजवळ आठ वर्षं घालवली. त्यांना तिच्यात काय दिसलं आणि ते दिसण्यासाठी त्यांनी काय केलं, ते ऐकू या.

आधी बाईंबद्दल. जन्म १९३८ सालचा, अमेरिकेच्या आयडाहो राज्यातला. गावाचं नाव शुगर सिटी, म्हणजे साखरगाव. तिथे साखरेसाठी ऊस नाही, बीट पिकवतात. असं शेतीच्या मुलखातलं लहान गाव. कॉलेजात असतानाच लग्न झालं. १९६० साली इंग्रजी विषय घेऊन पदवी मिळवली आणि नवऱ्याच्या शिक्षणासाठी हजारो मैल दूर, देशाच्या पूर्व टोकाला बोस्टनजवळ बिऱ्हाड केलं. मग मुलं झाली. एक नाही, दोन नाही, पाच.

शिकायची हौस मात्र गेली नव्हती. सगळं एकदम झेपणार नाही म्हणून त्यांनी एका वेळी एकेक विषय घेतला. घरचं आवरायचं, मुलांचं करायचं आणि उरलेल्या वेळात अभ्यास. १९७१ साली एम. ए. झाल्या. पुढे नवऱ्याला न्यू हॅम्पशायर राज्याच्या विद्यापीठात नोकरी लागली, तेव्हा तिथेच इतिहास विषयात नाव घातलं. पीएच. डी. हातात आली ती १९८० साली. तेव्हा वय होतं बेचाळीसच्या आसपास. मुलगी पदवीधर झाली की तिचं शिक्षण संपलं असं आपल्याकडे घराघरात धरून चालतात, म्हणून हे वय मुद्दाम सांगते.

शिकत असतानाच, १९७६ साली, त्यांनी एक लेख लिहिला. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी तिकडचे धर्मोपदेशक बायकांच्या अंत्यविधीला जी प्रवचनं देत, ती प्रवचनं त्यांनी तपासली. देवभीरू, कष्टाळू, शांत अशा बायकांची त्यांत तोंडभरून स्तुती असे. पण त्या दिवसभर करत काय होत्या, याचा पत्ता नसे. त्यावर उल्रिकबाईंनी एक वाक्य लिहिलं. त्याचा आशय असा, की मुकाट्याने नीट वागणाऱ्या बायकांना इतिहासात फारशी जागा मिळत नाही. वीसेक वर्षांनी ते वाक्य एका लेखिकेने आपल्या पुस्तकात घेतलं. मग एका तरुणीने ते टी-शर्टवर छापायची परवानगी मागितली. पुढे ते कपांवर, पिशव्यांवर, गाड्यांच्या मागे सगळीकडे दिसू लागलं. गंमत अशी, की लोकांनी त्याचा अर्थ घेतला ‘बायांनो, बंड करा’. बाईंच्या मनात होतं वेगळंच. त्या इतिहासकारांना विचारत होत्या, की बाई नीट वागली, राबली, म्हणून तिला गाळायचं का? बंडखोर बायकांबद्दल त्यांना आदरच आहे. पुढे त्याच वाक्याच्या नावाने त्यांनी एक पुस्तकही लिहिलं. पण त्यांचं स्वतःचं आयुष्यभराचं काम आहे ते न गाजलेल्या बायकांवर.

आता वहीकडे वळू.

अमेरिकेच्या अगदी ईशान्य कोपऱ्यात मेन नावाचं राज्य आहे. थंड मुलूख. हिवाळ्यात नद्या गोठतात, माणसं बर्फावरून चालत नदी ओलांडतात. तिथे केनेबेक नदीच्या काठी हॅलोवेल नावाचं गाव होतं. गावात मार्था बॅलर्ड नावाची सुईण होती. ती जन्मली १७३५ साली, म्हणजे आपल्याकडे बाजीराव पेशव्यांचा काळ चालू होता तेव्हा. तिला नऊ मुलं झाली. १७६९ च्या उन्हाळ्यात गावात घटसर्पाची साथ आली आणि काही दिवसांत तिच्या तीन मुली एकामागून एक गेल्या. तेव्हा ती स्वतः दिवसात होती. पुढच्याच महिन्यांत आणखी एक मुलगी जन्मली, हॅना. त्यानंतर काही वर्षांनी हे कुटुंब मेनला आलं.

पन्नाशीला टेकल्यावर, १ जानेवारी १७८५ पासून, मार्था रोजची नोंद ठेवू लागली. ती १८१२ च्या मे महिन्यापर्यंत. सत्तावीस वर्षं, जवळपास दहा हजार दिवस. नोंदी कशा? आज हवा कशी होती. कुणाकडे गेले. कुणाला मुलगा झाला, कुणाला मुलगी. घरी काय विणलं, किती घोसाळी, क्षमा करा, किती कोबी लावले. कोण भेटायला आलं. बाळंतपणाचे पैसे मिळाले की त्या नोंदीशेजारी दोन फुल्या. आपल्या गटाच्या वहीत हप्ता जमा झाला की सचिव खूण करते ना, तशाच.

मार्था गेल्यावर ती वही डॉली नावाच्या लेकीकडे राहिली. तिच्यानंतर घरातल्या बायकांकडे. सुट्या झालेल्या पानांचा ढीगच झाला होता तो. मग १८८४ साली मेरी होबार्ट नावाची तिची खापरपणती डॉक्टर झाली आणि घरच्यांनी ती वही तिला भेट दिली. सुईणीची वही डॉक्टरीणबाईंच्या हातात आली. तिने ती नीट जपली आणि १९३० साली मेन राज्याच्या ग्रंथालयाला देऊन टाकली. बघा, बायकांच्या हातातून बायकांच्या हातात गेली, म्हणून ती टिकली.

इतिहासकारांना ती वही माहीत नव्हती असं नाही. एकोणिसाव्या शतकात त्या भागाचा इतिहास लिहिणाऱ्या एका गृहस्थांनी ती चाळली होती आणि बहुतेक नोंदी सर्वसाधारण वाचकाला रस वाटण्यासारख्या नाहीत असं म्हटलं होतं. पुढे बायकांच्या इतिहासात रस असणाऱ्या लोकांनाही ती किरकोळ घरगुती नोंदींची वाटली. त्यांना दोषही देता येत नाही. दहा-वीस पानं वाचली की कुणालाही तसंच वाटेल. पाऊस, बाळंतपण, विणकाम. पुन्हा पाऊस, बाळंतपण, विणकाम.

उल्रिकबाई पीएच. डी. झाल्यानंतर लवकरच त्या ग्रंथालयात गेल्या. जाड जाड दोन भाग, घरी विणलेल्या कापडाची बांधणी. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि कंटाळवाण्या वाटणाऱ्या नोंदी गाळायच्याच नाहीत असं ठरवलं. त्या मोजायच्या. कोण कुणाकडे गेलं, कुणाचं किती देणं-घेणं, कोणती मुलगी कोणत्या महिन्यात घरी होती आणि कोणत्या महिन्यात नव्हती. मग गावातल्या दुसऱ्या कागदांशी ताडून बघायचं. न्यायालयाची दप्तरं, जमिनीची मोजणी, करांच्या याद्या, दुकानदारांच्या खतावण्या, त्याच गावातल्या पुरुषांनी लिहिलेल्या डायऱ्या. माझ्या मते बाईंचं खरं मोठेपण इथेच आहे. सहानुभूती पुष्कळांना वाटते. बसून आठ वर्षं जुळवाजुळव करणारी माणसं फार थोडी असतात.

मोजल्यावर काय निघालं ते आता सांगते.

पहिलं म्हणजे बाळंतपणं. वहीच्या काळात मार्थाने ८१६ बाळंतपणं केली. प्रसूतीच्या वेळी तिच्या हातून एकही बाई दगावली नाही. नंतरच्या दिवसांत काही गेल्या, पण फार थोड्या. हे सगळं हातमोजे नाहीत, आजची औषधं नाहीत, गाडी नाही अशा काळात. बोलावणं आलं की होडीने, घोड्यावर, नाहीतर बर्फावरून पायी. १७८९ च्या एप्रिलमध्ये नदीला पूर असताना ती निघाली, तर वाटेत घोड्यासमोरच एक झाड मुळासकट कोसळलं. तरी ती पोचली.

त्याच काळात गावात एक तरुण डॉक्टर आला होता. एका पहिलटकरणीच्या वेणा चालू असताना घरची माणसं घाबरली आणि मार्था तिथे असताना त्याला बोलावलं. त्याने अफूच्या अर्काचे वीस थेंब दिले. बाई गुंगीत गेली, वेणाच थांबल्या. पुढे उलट्या झाल्या, मग वेणा पुन्हा सुरू झाल्या आणि बाळ जन्मलं. मार्थाने हे सगळं वहीत टिपून ठेवलं. तो डॉक्टर पुढे नावारूपाला आला. डॉक्टरांच्या याद्या आणि चरित्रं छापली जातात, त्यामुळे त्याचं नाव राहिलं. मार्थाची बाजू फक्त तिच्या वहीत होती. याचा अर्थ दवाखान्यात जाऊ नका असा कुणी घेऊ नका बरं का. आजचा दवाखाना आणि तेव्हाचा तो शिकाऊ डॉक्टर यांची तुलनाच नाही. मुद्दा नोंद कुणाची उरते हा आहे.

दुसरी गोष्ट मला स्वतःला सगळ्यांत जास्त भिडली. उल्रिकबाईंनी मार्थाच्या बाळंतपणांचा आकडा आणि घरातल्या मुलींची हजेरी शेजारी-शेजारी ठेवली. मार्थाच्या कामाचा भर जोरात होता, ती वर्षं कोणती? मुली मोठ्या झालेल्या, पण लग्न व्हायचं बाकी असलेली. त्या काळात घरात माग बसवलेला होता. हॅना आणि डॉली विणत होत्या, स्वयंपाक, धुणं, गुरंढोरं बघत होत्या. म्हणून आई रात्री-अपरात्री बाहेर पडू शकत होती. मुलींची लग्नं झाली आणि वहीचा सूर बदलला. घरकाम सगळं अंगावर पडलं. कामाला ठेवलेल्या पोरी येत आणि जात. थकल्याच्या नोंदी वाढल्या. एका बाईचं बाहेरचं काम घरातल्या दुसऱ्या बायकांच्या कामावर उभं असतं, हे तुम्हाला मला कुणी शिकवायला नको. सासू किंवा थोरली लेक घर सांभाळते, तेव्हा आपण तालुक्याला मीटिंगला जातो. पण इतिहासाच्या पुस्तकात हे तारखांनिशी दाखवून देणं, ही वेगळी गोष्ट आहे.

विणकामाचंही तसंच. जवसाच्या देठापासून तिकडे कापडाचा धागा काढतात. पेरणी नवरा करायचा, पुढची बरीचशी कामं बायकांची. सूत एकीकडे कातायचं, माग दुसरीकडे, विणायला तिसरीच्या मुली. त्या बदल्यात कधी सूत, कधी चीज, कधी दोन दिवसांचं काम. दुकानदाराच्या खतावणीत यातलं फार थोडं येई, कारण तिथे खातं असायचं घरच्या पुरुषाच्या नावावर. गावातल्या बायकांचा आपापसातला हा मोठा व्यवहार मार्थाच्या वहीमुळे डोळ्यांसमोर आला. तिच्या नवऱ्याचं नाव, एफ्रेम बॅलर्ड, सरकारी कागदात जागोजाग आहे. तो जमिनी मोजायचा. त्याचे नकाशे आहेत, सह्या आहेत. दोघं एका घरात राहिली, दोघं आयुष्यभर राबली. नवऱ्याचे कागद सरकारने जपले. बायकोचे लेकी-नातींनी.

आता न्यायालयाच्या गोष्टी. तिकडे त्या काळी लग्नाआधी मूल होणाऱ्या बाईला ऐन वेणांच्या वेळी सुईण विचारत असे, की बाप कोण? त्या वेदनेत बाई खोटं बोलणार नाही अशी समजूत होती आणि तिचं उत्तर न्यायालयात पुरावा म्हणून चाले. क्रूर चाल खरी, पण त्यामुळे बापाला खर्चाची जबाबदारी टाळता येत नसे. १७९१ साली सॅली पिअर्स नावाची मुलगी बाळंत होत होती. मार्थाने विचारलं. मुलीने नाव घेतलं ते मार्थाच्याच मुलाचं, जोनाथनचं. मार्थाने ते जसंच्या तसं वहीत लिहिलं. चार महिन्यांनी दोघांचं लग्न झालं. उल्रिकबाईंनी पुढे मोजून दाखवलं, की मार्थाने सोडवलेल्या पहिलटकरणींपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जणी लग्नाआधीच दिवस गेलेल्या होत्या. ‘पूर्वीचे लोक फार शुद्ध होते’ असं म्हणणाऱ्यांना हा आकडा जड जातो.

दुसरं प्रकरण गंभीर आहे. गावच्या धर्मोपदेशकाच्या बायकोने, रिबेका फॉस्टरने, बलात्काराची फिर्याद केली. फिर्याद कुणावर? गावातल्या न्यायाधीशावर, जोसेफ नॉर्थवर. १७९० साली खटला चालला. मार्थाला साक्षीला बोलावलं. न्यायाधीश निर्दोष सुटला. पण मार्थाच्या नोंदींवरून कळतं, की प्रकरण न्यायालयात जाण्याआधीच रिबेकाने आपलं दुःख तिच्याजवळ बोलून दाखवलं होतं. निकाल काही असो, तिचं बोलणं एका बाईने ऐकलं होतं आणि त्याची नोंद राहिली.

उल्रिकबाईंची आणखी एक गोष्ट मला पटते. त्यांनी मार्थाला देवी केलं नाही. वहीत मार्था फारसं रडत नाही, चिडतही नाही. तिला काय वाटलं हे ती क्वचित लिहिते. मुली गेल्या, त्याला सतरा वर्षं झाली त्या दिवशी तिने तेवढीच आठवण लिहून ठेवली आहे. जिथे वही गप्प आहे, तिथे बाई मनाने काही भरत नाहीत. अंदाज असेल तर हा अंदाज आहे असं सांगतात. म्हातारपणीचे दिवस तर फार कठीण होते. नवऱ्याकडे गावचा कर गोळा करायचं काम होतं. वसुली झाली नाही, थकबाकी त्याच्या अंगावर आली आणि १८०४ साली त्याला कैदेत टाकलं. वर्षभराहून जास्त काळ तो आत होता. मार्था सत्तरीच्या घरात. जोनाथन, म्हणजे तोच मुलगा, आपलं कुटुंब घेऊन आईच्या घरात राहायला आला. आईला जळणाला लाकूड मिळेना. सुनेशी, मुलाशी खटके उडत. हेही त्या वहीत आहे, आणि बाईंनी लपवलेलं नाही.

पुस्तक १९९० साली निघालं. १९९१ साली त्याला पुलित्झर नावाचा अमेरिकेतला फार मानाचा पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी मॅकआर्थर शिष्यवृत्ती. १९९५ साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलावून घेतलं. आणि २००९ साली त्या अमेरिकेतल्या इतिहासकारांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. मार्थावर एक चित्रपटही निघाला. मोठेपण मिळाल्यावर बाई मोठ्या माणसांच्या इतिहासाकडे वळल्या नाहीत. पुढचं मोठं पुस्तक होतं टोपल्या, चरखे, विणलेली पांघरुणं, अर्धवट राहिलेला मोजा अशा घरगुती वस्तूंवर. ती वस्तू कुणी केली, कुणाला दिली, कुणाच्या नावाने जपली, यावरून तिथला इतिहास. त्याच्याही नंतर त्यांनी आपल्या स्वतःच्या मॉर्मन पंथातल्या जुन्या बायकांच्या रोजनिश्या वाचल्या. त्या बायका एका नवऱ्याच्या अनेक बायका म्हणून नांदत होत्या आणि तरी मतदानाच्या हक्कासाठी उभ्या राहिल्या होत्या. आपल्याच माणसांबद्दल असं लिहिणं सोपं नसतं.

मार्था शेवटपर्यंत काम करत राहिली. १८१२ च्या एप्रिल महिन्यातही तिने बाळंतपणं केली, तेव्हा वय सत्याहत्तर होतं. मे महिन्याच्या सुरुवातीला तिची शेवटची नोंद आहे आणि त्याच महिन्यात ती गेली. जूनमध्ये तिथल्या वर्तमानपत्रात तिच्या मृत्यूची बातमी आली. एका ओळीची. अमुक गावी, एफ्रेम बॅलर्ड यांची पत्नी, वय इतकं. ती सुईण होती हे त्या ओळीत नव्हतं.